पडत्या दुकानाचं गिऱ्हाईक

लातुरात दोन हॉटेलं समोरासमोर असली, की ज्या हॉटेलातला चहा वाईट, तिथं सर बसायचे. चुकून नाही, ठरवून. दोन न्हावी असले तर ज्याच्याकडं कुणी फिरकत नाही त्याच्यापुढं मान द्यायचे, आणि दोन शिंप्यांपैकी ज्याच्या मशीनवर धूळ बसलीय त्याच्याकडं कापड टाकायचे. त्यामुळं मी त्यांना ओळखते तेव्हापासून त्यांच्या शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा लांब, आणि गालावर कुठं ना कुठं कापल्याची खूण. कॉलेजात कॉमर्स शिकवून रिटायर झालेला माणूस, पण कपडे बघितले तर वाटावं, घाईत शेजाऱ्याचे घालून आले.

त्यांच्याबद्दल लिहायला मला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कारण आहे. माझी मेस या माणसामुळं उभी राहिली, आणि मेस चांगली चालायला लागल्यावर याच माणसानं माझ्याकडं जेवणं बंद केलं. भांडण नाही, तंटा नाही. समोरच्या मेसमध्ये बसून ते कच्चा भात चावत बसायचे आणि मी इकडं खिडकीतून बघायची. त्यांना परत माझ्या ताटावर बसवायचं, एवढंच मला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ते सोपं गेलं असतं. सरांच्या बाबतीत देवसुद्धा दोन असते तर त्यांनी ज्याच्या देवळात घंटा वाजत नाही त्याचीच बाजू घेतली असती, मग माझी काय कथा!

सरांचं एक मंडळ होतं. बाजारात कुणी एकट्यानं राज्य करू नये, आणि चार जणांनी आतून संगनमत करून भाव बांधू नयेत, यासाठी. मंडळ रीतसर नोंदवलेलं होतं. नफा नावाची गोष्ट त्यात नव्हती आणि तोटा सगळा सरांच्या पेन्शनीतून जायचा. सभासदांत एक होमिओपॅथीचे डॉक्टर होते, एक रिटायर झालेले एसटीचे कंट्रोलर होते, आणि बाकीचे सभासद बहुधा सभेला न येण्यासाठीच झालेले होते. रविवारी सरांच्या ओसरीवर सभा भरायची. सर उभं राहून बोलायचे. ऐकायला दोनच माणसं असली तरी उभं राहून.

"कायदा हाय," ते म्हणायचे, "पण कायदा बसलाय दिल्लीत आन् मक्तेदार बसलाय गल्लीत. दोघांची गाठ कोण घालून देणार?"

मग गाठ घालायला सर दिल्लीला अर्ज पाठवायचे. शाळेचा गणवेश एकाच दुकानातून घ्यायची सक्ती, सिलिंडरसोबत शेगडीची सक्ती, असल्या प्रत्येक सक्तीविरुद्ध एक अर्ज. उत्तर आलंच तर अर्ज पोचल्याचं यायचं. सरांना तेवढंही पुरायचं. पुढं कधीतरी दिल्लीत या विषयाचा नवा कायदा झाला, तेव्हा त्यांनी गंजगोलाईच्या बाजारात पेढे वाटले. निम्मे एका दुकानातले, निम्मे दुसऱ्यातले. पेढे कशाचे ते कुणालाच कळेना. मला भाजीवालीनं विचारलं, "सराला नातू झाला का वो?" मी म्हटलं, कायदा झाला. ती म्हणाली, "असू दे, तब्येत चांगली हाय ना?"

त्यांच्या बायकोला, भाभींना, या सगळ्याची सवय होती. भाभी जिभेनं तिखट आणि मनानं लोणी. एकदा माझ्यादेखतच म्हणाल्या, "सगळ्या जिनसांला दोन-दोन दुकानं पायजेत म्हणून गावभर बोंबलता, मग घरात बायको तेवढी एकच कशी चालते?" सर अजिबात गडबडले नाहीत. "चालत कुठं हाय? मक्तेदारीपुढं मुकाट्यानं राहून राहिलो," म्हणाले. भाभींनी पदर तोंडाला लावला आणि आतून मला चहा आणून दिला. पुढं त्या वारल्यावर ओसरीवरची सभाच बंद पडल्यासारखी झाली. सर बोलायचे तसेच, पण अधूनमधून आतल्या दाराकडं बघायचे.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील लातूरजवळच्या मुरुडला दुकानदार होते. किराणा, कापड, घासलेट, सगळं त्यांच्याचकडं, कारण आसपास दुसरं दुकानच नव्हतं. माणूस वाईट नव्हता. मापात पाप केलं नाही कधी. पण दुकानापुढं माणसं पायातलं काढून, हात बांधून उभी राहायची, आणि ते गादीवरून मान वर करतील तेव्हाच बोलायची.

"मला वाटायचं, आमचे अब्बा लई मोठे," सर म्हणाले. "मग समोर एकानं दुकान टाकलं. साधं टपरीवजा. अब्बा दोन दिवस जेवले न्हाईत. आन् तिसऱ्या दिवशी मी बघितलं, अब्बा एका म्हातारीला म्हणून राहिले, 'या, बसा, पाणी घ्या.' जन्मात कुणाला बसा म्हणले नव्हते. ताई, मला तेच अब्बा जास्त आवडले."

एवढं सांगून ते उठून गेले. अब्बांना चांगलं करायला समोर एक टपरी लागली, हे त्यांनी पोरवयात बघितलं आणि त्यानंतर जन्मभर ते गावाच्या समोर टपऱ्या मांडत फिरले. कारण अर्जाबिर्जांपेक्षा त्यांचा खरा भरवसा त्यावरच होता. कुणी माजला की त्याच्याविरुद्ध मोर्चा काढायचा नाही, त्याच्या समोर दुसरा आणून बसवायचा. लग्नं जुळवणारी माणसं असतात, तसे हे स्पर्धा जुळवायचे.

भूकंप झाला तेव्हाची गोष्ट लातुरात अजून सांगतात. मी तेव्हा नांदेडकडं लोह्याला होते, आमच्याकडं भांडी वाजली तेवढंच. इकडं मात्र गावंच्या गावं आडवी झाली होती आणि लातूर शहरातलीही माणसं भीतीनं मैदानांवर, रस्त्याच्या कडेला राहत होती. वर पाऊस. सगळ्यांना ताडपत्री पाहिजे. आणि गावातल्या सगळ्या ताडपत्रीवाल्यांनी एका दिवसात, एका सुरात, एकच भाव सांगायला सुरुवात केली, तोही भलताच. लोक चिडले, कुणी शिव्या दिल्या, कुणी पाया पडलं. सर उठले. नांदेडची एसटी धरून गेले. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या दुकानात ठाण मांडून बसले आणि त्याला म्हणाले, लातूरला तुमचं एकबी दुकान न्हाई, ही लाजेची गोष्ट हाय. दुसऱ्या दिवशी त्या व्यापाऱ्याचा ट्रक घेऊन, ड्रायव्हरच्या शेजारी बसून, सर परत आले. ट्रक मैदानाच्या कडेला लागला आणि संध्याकाळपर्यंत गावातल्यांचा सूर बिघडला. जो तो वेगळा भाव सांगायला लागला, तोही उतरता. एक व्यापारी सरांना म्हणे, "गावचा माणूस असून बाहेरचा आणून बसवला!" सर म्हणाले, "बाहेरचा हाय म्हणून तर गावात माणुसकी परत आली."

आणि यात गंमत अशी की तीन दिवस सर आणि भाभी स्वतः छत्रीखाली बसून होते. नांदेडवाल्याकडं रांग होती, आणि गावातला कुठला दुकानदार आता सगळ्यात मागं पडतो ते बघून त्याच्याकडून ताडपत्री घ्यायची म्हणून सर थांबले होते. भाभी हे सांगताना कपाळावर हात मारून घ्यायच्या.

मी लातूरला आले ती मुलीच्या बारावीसाठी. तेव्हा सगळा मराठवाडा आपापलं पोरगं घेऊन क्लासांसाठी लातूरला येत होता. नवरा नांदेडला एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आणि मी इथं एका खोलीत, पोरीला डाळ-भात करून घालत. शेजारच्या खोल्यांतली पोरं वासावर यायची. "काकू, आमचाबी डबा द्या की." असं करत मी डबे द्यायला लागले. नवऱ्याच्या पगारात दोन घरं चालत नव्हती. डबे चालले तर पोरगी शिकेल, नाहीतर सामान बांधून लोह्याला परत, इतकं ते सरळ होतं.

आणि नेमकं तेव्हा मोठ्या क्लासवाल्यांनी डोकं चालवलं. आमच्या क्लासला प्रवेश पाहिजे तर राहायला आमचंच हॉस्टेल, आणि हॉस्टेलात राहायचं तर जेवायला आमचीच मेस. बाहेरचा डबा गेटवर वॉचमन अडवायचा. माझे डबे एकेक करून परत यायला लागले. झाकण न उघडलेले डबे घरी परत येतात तेव्हा फार वाईट वाटतं. मी एका घरमालकिणीपाशी रडले, तिनं मला सरांचं घर दाखवलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या मेसचं जेवण कसं हाय?"

"पोरं म्हणतेत पाणी आन् बटाटा."

"मग बरं हाय," म्हणाले. मला वाटलं या माणसाला कमी ऐकू येत असावं.

क्लासवाल्यांनी पालकांची सभा बोलावली होती, मंगल कार्यालयात. सर मला घेऊन गेले. स्टेजवर क्लासचे मालक, सुटाबुटात, मागं निकालाचे फोटो. पोरांचं आरोग्य, शिस्त, अभ्यासाचं वातावरण, असं बरंच बोलले, आणि बाहेरच्या डब्यामुळं पोरं आजारी पडतात असंही बोलले. मग सर उठले. एक बाही मनगटावर, एक कोपराच्या खाली.

"साहेब, एक विचारू का? तुमच्या मेसचं जेवण चांगलं हाय?"

"उत्तम आहे," मालक म्हणाले.

"बाहेरच्यापेक्षा चांगलं?"

"अर्थात!"

"मग पोरं तिथंच जेवतील की आपण होऊन. गेट कशाला लावता? चांगल्या जेवणाला वॉचमन लागत न्हाई, साहेब."

मग मागून कुणीतरी खेड्याकडचा, धोतरातला बाप, मोठ्यानं हसला, आणि ते हसू पुढं पुढं सरकत स्टेजपर्यंत आलं. मालकही हसले, पण गेट काही उघडलं नाही. असल्या माणसांना हसण्यानं काही होत नसतं. सरांनाही ते माहीत होतं. ते दुसऱ्या दिवसापासून औसा रोडच्या घरमालकांकडं फिरायला लागले. ज्यांच्याकडं वरचा मजला रिकामा पडलाय, त्यांना सांगायचे, पोरं ठेवा, आणि बाहेर पाटी लावा. पाटी मात्र सर सांगतील ती. "इथे कुणाचाही डबा चालेल." पालकांना ती पाटी दिसायला लागली आणि ते क्लासच्या ऑफिसात जाऊन विचारायला लागले, तिकडं चालतो, मग तुमच्याकडं का चालत नाही? काहींनी पोरांची नावं छोट्या क्लासला घातली आणि पाटीवाल्या खोल्या घेतल्या. एक हॉस्टेल रिकामं पडायला लागलं, मग दुसरं. पुढच्या वर्षी गेटवरचा वॉचमन स्वतः माझे डबे आत नेऊन द्यायचा.

त्या सगळ्या काळात सर रोज दुपारी माझ्याकडं जेवले. भाभी म्हणायच्या, "ठेवून घ्या यांना, माझी सुटका." सरांना दाद द्यायची सवय नव्हती. चुकलं की सांगायचे. भाजीत मीठ जास्त, भाकर कडेला चिरली, आमटीला फोडणी उशिरा दिली. पण ताट स्वच्छ करून उठायचे. पोरगी फार्मसीला लागली, नवऱ्यानं बदली करून घेतली, मी खालचा हॉल भाड्यानं घेतला. पोरं जिन्यापर्यंत उभी राहायला लागली. भाभी गेल्या त्या वर्षी तर सरांचं दोन्ही वेळचं जेवण माझ्याकडंच होतं, आणि त्यांच्यासाठी दारापाशी एक खुर्ची मी कुणाला देत नव्हते.

मग समोरच्या शटरला रंग लागला. नायगावचा एक गडी मेस टाकतोय, असं लोक म्हणाले. आधी त्यानं झेरॉक्सचं दुकान काढून बंद केलं होतं. त्याच्याबरोबर गाळामालकाशी बोलायला कोण उभं होतं? सर!

मी सरळ रस्ता ओलांडून गेले. "सर, तुम्ही माझ्यासमोर मेस टाकून दिली?"

"हाव."

"माझं काय चुकलं?"

"काहीच न्हाई."

"मी काय कुणाला वाईट घातलं का?"

"तुम्ही चांगल्या हायत, ताई," ते म्हणाले. "आमचे अब्बाबी चांगलेच होते."

दुसऱ्या दिवसापासून ते समोर जेवायला लागले. मला त्यांचं म्हणणं कळलं होतं, पण कळलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे? मी महिनाभर बोलले नाही. ते मात्र रोज दारातून जाताना विचारायचे, "बरं चाललंय ना?" आणि मी तोंड फिरवायची. त्या नायगावकराला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं. वरणात डाळ शोधावी लागायची, भाकरी तर अशी की दोन दगडांत धरून फोडावी. चार-दोन पोरं यायची, तीही उधारीवाली. आणि कोपऱ्यात सर, दात उरलेल्या बाजूनं हळूहळू चावत. माझी पोरगी सुट्टीला आली की म्हणायची, "आई, नको बघू तिकडं." मी नाही म्हणायची आणि बघायची.

सर आजारी पडले. साखर वाढलेली, पोटाचं काहीतरी, डॉक्टरांनी तेल-तिखट बंद सांगितलं, मऊ खा म्हणून सांगितलं. दहा-बारा दिवसांत मान बारीक झाली. मी डबा घेऊन घरी गेले. सरांनी डबा उघडून वास घेतला, डोळे मिटले, आणि झाकण परत लावलं.

"ताई, गावाला एवढी वर्षं सांगत आलो. आता माझ्या जिभेसाठी मोडू का?"

"जिभेसाठी न्हाई हो, जिवासाठी!"

"मी एक गिऱ्हाईक उठलो तर त्याचं शटर पडंल. मग तुम्ही एकट्याच. न्हाई, ताई."

मी घरी येऊन भांडी आपटली. या माणसाला मी सक्तीनं खायला घालू शकत नव्हते, आणि सक्तीची गोष्ट तर त्यांच्यापुढं काढायचीच नाही. रात्रभर मला काही सुचलं नाही. सकाळी पीठ मळताना सुचलं. सर तिथून हलणार नसतील, तर तिथलं जेवण हलवायला पाहिजे.

दुपारची गर्दी उरकली आणि मी मागच्या दारानं नायगावकराच्या स्वयंपाकघरात शिरले. मला बघून त्यानं पळीच उगारली.

"अक्का, मी तुमचं एकबी पोरगं ओढलेलं न्हाई, आईशप्पथ."

"ओढ रे बाबा, खुशाल ओढ," मी म्हटलं, "पण आधी डाळ शिजव."

त्याला वाटलं मी टोमणा मारतेय. मी पदर खोचला आणि त्याच्या डब्यातली डाळ भिजत घातली. रोज दुपारी जायची. मुगाचं वरण तेल न घालता चवीला कसं आणायचं, पिठात ऊन पाणी घालून भाकर मऊ कशी ठेवायची, दुधीची भाजी म्हाताऱ्या माणसाला पटेल अशी कशी करायची. तो शिकला. आधी घाबरत, मग हावऱ्यासारखा. एकदा म्हणाला, "अक्का, तुम्ही हे का करून राहिलात? तुमचं नुकसान हाय." मी म्हटलं, कोपऱ्यात जो म्हातारा बसतो त्याला सांगू नको म्हणजे झालं.

नुकसान होतंच. दोन-तीन महिन्यांत माझी पोरं रस्ता ओलांडायला लागली. "काकू, बदल म्हणून," असं म्हणून जायची आणि यायचीच नाहीत. जिन्यावरची रांग गेली, मग हॉलमधली टेबलं रिकामी दिसायला लागली. नवरा म्हणाला, तू आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलास. मी म्हटलं, हाव. कारण समोर कोपऱ्यात सरांचं ताट रोज रिकामं होत होतं आणि त्यांच्या गालावर थोडं मांस आलं होतं. खरं सांगते, मी तेवढ्यातच भरून पावत होते.

मग एका दुपारी काठी टेकत सर रस्ता ओलांडून आले. दारात थांबले. हॉलभर नजर फिरवली.

"ताई, समोर आज पोरं बाहेर उभी हायेत. बसायला जागा न्हाई."

"हाव, बघून राहिले मी."

"वरण लई सुधारलं त्याचं. भाकर तर काय सांगावी." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कुणी शिकवलं म्हणून मी विचारलं न्हाई. खाल्ल्यावर विचारायची गरज राहिली न्हाई."

मी खाली बघून टेबल पुसत राहिले. पुसलेलंच टेबल.

"तुमच्याकडं गर्दी कमी झाली म्हणायची," ते म्हणाले.

"निम्मी झाली, सर."

"निम्म्याहून कमी दिसून राहिली."

"असंल."

त्यांनी डॉक्टरासारखी मान हलवली. काठी भिंतीला लावली, नळावर जाऊन हात धुतले, आणि दारापाशीच्या पहिल्या टेबलावर येऊन बसले.

"मग आता मला इथंच जेवावं लागंल," म्हणाले. "वाढा."

मी ताट वाढलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात रिकामा नव्हता, म्हणून तसंच वाढलं. सरांनी वरण-भात कालवला, पहिला घास घेतला, आणि कपाळाला आठी घातली.

"भात जरा गिच्च झालाय, ताई."

"उद्या मोकळा करते," मी म्हटलं. "पण या."